मिलार्ड्स क्रॉसिंगला कुणाच्याच ओठावर काही नसतं

ज्या गावाला एखाद्या रोगावरचं औषध सापडतं, त्या गावाने तो रोग स्वतःला होऊ देणं हे सभ्यपणाचं लक्षण नव्हे. हलवायाच्या घरी मुंग्या चालतात, वैद्याच्या घरी खोकला चालत नाही. मिलार्ड्स क्रॉसिंग हे गाव या बाबतीत फारच सभ्य आहे.

नदीच्या वळणावर बसलेलं गाव. लोकसंख्या आठशे चाळीस (कुत्री धरली तर बाराशे). तीन बाजूंनी उग्र वासाच्या टी ट्री झुडपांची शेतं आणि चौथ्या बाजूने पूर. शंभर वर्षं झाली, हे गाव टी ट्रीच्या फांद्या बुंध्यापासून कापतं, पाल्यासकट मोठ्या लोखंडी पिंपात दाबून भरतं, खालून वाफ सोडतं, आणि वरून जे तेल निघतं ते छोट्या तपकिरी बाटल्यांत भरून जगाला विकतं. जगाने ते मुरुमांना लावावं, पायाच्या नखांना लावावं, फरशीला लावावं, गावाचं काही म्हणणं नाही. पण या तेलाचं खरं तेज ओठावर दिसतं, असं गावाचं ठाम मत आहे. थंडी पडली, ऊन फार लागलं किंवा परीक्षा तोंडावर आली, की ओठाच्या कडेला जे बारीक पाणीदार फोड येतात आणि मग त्यांची ती जाहीर खपली धरते, त्यावर हे तेल म्हणजे रामबाण.

हे फोड ज्या विषाणूमुळे येतात त्याचं नाव हर्पीस. क्रॉसिंगला हे नाव बाटलीबद्दल बोलताना घ्यायचं, माणसाबद्दल बोलताना नाही. कारण गावात हा रोगच नाही. हे हवेत बोलत नाही, लेखी आहे. तेल मंडळाच्या हॉलमध्ये ‘किरकोळ इजा’ नावाची वही असते. ज्याच्या ओठावर काही दिसेल त्याने त्यात नाव, तारीख आणि कारण लिहायचं आणि एक बाटली फुकट घेऊन जायचं. गेल्या वर्षीचे आकडे असे: वारा लागला, एक्केचाळीस. गरम सॉसेज रोलने भाजलं, तेहतीस. फुटबॉल, बारा. दाढी करताना कापलं, नऊ (यांत दोन महिला). कुत्र्याने अंगावर उडी मारली, चार. हर्पीस, शून्य. बेरीज नव्याण्णव. शंभरावा माणूस कारणाच्या रकान्यापाशी विचारात पडला, तो अजून पडलेलाच आहे.

तेलाच्या गुणाबद्दल कुणी शंका काढू नये म्हणून गावाकडे शास्त्रही आहे. लांबच्या कुठल्याशा विद्यापीठात काचेच्या तबकडीत हे विषाणू ठेवून त्यांच्यावर तेल सोडलं होतं, आणि तासाभरात विषाणू गारद झाले होते. त्या तबकडीचा फोटो हॉलमध्ये लावलेला आहे, सगळ्या माजी अध्यक्षांच्या फोटोंच्या वर, आणि त्याला एकट्यालाच दिवा आहे. लहान मुलांना पहिल्यांदा हॉलमध्ये आणलं की तो दाखवतात.

असं सगळं सुरळीत चाललं असताना, तेलाच्या शताब्दीला तीन आठवडे उरले होते तेव्हा औषध खात्याचं पत्र आलं. पत्र अतिशय नम्र होतं, म्हणजे बातमी वाईट होती. तबकडीचा अहवाल वाचला, आनंद झाला, असं त्यात म्हटलं होतं. परंतु तबकडीत विषाणू उघड्यावर पडलेला असतो. माणसात तो मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन झोपतो आणि मनात आलं की उठतो. शिवाय तबकडीला ओठ नसतात. तरी किमान साठ माणसांवर चाचणी करून, अर्ध्यांना तेल व अर्ध्यांना तेलासारखं दिसणारं काहीतरी लावून पुरावा सादर करावा. अन्यथा बाटलीवरची ‘ओठांच्या फोडांवर गुणकारी’ ही ओळ काढून टाकावी. आमचे अधिकारी श्री. लिंडहोम शताब्दीच्या शनिवारी स्वतः येतील.

ही ओळ म्हणजे गावाचा प्राण. ती गेली तर तेल निम्मं खपेल, आणि तेल निम्मं खपलं तर बॉयलर एक दिवसाआड पेटेल. बॉयलरवर डेस पेंगेली काम करायचा. त्याची मुलगी ब्रॉनी, वय वर्षं पंधरा. आणि तेल मंडळाच्या अध्यक्ष उना पेंगेली, म्हणजे डेसची थोरली बहीण, म्हणजे ब्रॉनीची आत्या. गाव लहान असलं की सगळी मोठी संकटं एकाच घरात मावतात.

ब्रॉनीला मात्र त्या तीन आठवड्यांत ओळीची काही पडलेली नव्हती. तिच्या डोक्यात फक्त सोलो होता. गावच्या बँडमध्ये ती कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, वाजवायची, तीन वर्षं मागच्या रांगेत, सगळ्यांच्या टोप्यांकडे बघत. पुढे एकतीस वर्षं प्रावस मास्तर उभे असायचे, तेच बँडमास्तर, तेच पहिले कॉर्नेट. पण मार्चमध्ये मास्तरांनी नवी कवळी बसवली आणि वरच्या सुरांना तिच्यातून हवा निसटायला लागली. शताब्दीच्या धुनेच्या शेवटी एक सूर आहे, पार वरचा, आठ मात्रा धरायचा. तो मास्तरांनी धरला की किटली उकळल्यासारखं वाटायचं. शेवटी त्यांनी मान खाली घालून तो सोलो ब्रॉनीला दिला. ब्रॉनी रोज शाळा सुटल्यावर बॉयलरच्या शेडमध्ये जाऊन तो सूर धरायची, कारण गावात तिच्याहून मोठा आवाज फक्त बॉयलरचाच होता. आठ मात्रा व्हायला लागल्या, मग दहा, मग बारा. वाफेच्या त्या ढगात उभं राहून ती सूर सोडायची तेव्हा डेस हातातलं फावडं थांबवायचा. फावडं थांबणं ही त्याची दाद होती.

आणि शताब्दीच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी ब्रॉनीच्या वरच्या ओठाला मुंग्या आल्या. दुपारपर्यंत फोड. अगदी मधोमध, कॉर्नेट टेकतं तिथे.

त्याच संध्याकाळी उना आत्याने रुग्ण गोळा करायला गावसभा बोलावली होती. खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटचे चौकोनी केक ठेवले होते, त्यामुळे दोनशे चाळीस लोक आले. आत्याने शास्त्राचं महत्त्व सांगितलं, तबकडीचा दिवा लावला आणि विनंती केली की ज्यांना कधी ना कधी हा त्रास झाला आहे त्यांनी गावासाठी हात वर करावा. दोनशे चाळीस जणांचे हात आपापल्या मांडीवर राहिले. (यांतले सव्वीस हात नंतर तोंड झाकायला वर गेले, पण ते केकमुळे.)

ब्रॉनीने त्या टर्ममध्ये दोन शोध लावले होते. एक, आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. दोन, तो गेल्यावर फार छान वाटतं. शिवाय आदल्या शुक्रवारी जीवशास्त्राच्या तासाला विषाणू झाले होते, त्यामुळे शब्द अगदी ताजा होता. आणि तेल जर खरंच रामबाण असेल तर शनिवारपर्यंत ओठ मोकळा होणारच, असा साधा हिशेब तिने केला. बॉयलरवाल्याची मुलगी ती, तेलावर विश्वास नसेल तर कशावर असणार. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मला झालाय. हर्पीस.”

शब्द हॉलभर फिरला आणि बसायला जागा न मिळाल्यामुळे उभाच राहिला. तिच्या आईने स्वतःच्या बुटांचं निरीक्षण सुरू केलं. डेसने छताचा पंखा पाहिला. दीडेकशे लोकांनी एकाच वेळी घड्याळाकडे बघितलं.

आत्या स्टेजवरून खाली उतरली आणि तिने ब्रॉनीची हनुवटी दोन बोटांत धरली. “नक्की ना गं? वारा नाही ना लागला?”

“काल दिवसभर खोलीत होते मी, आत्या.”

“मग पंख्याचा वारा असेल.”

“पंखा बंद होता.”

“उशी घासली असेल.”

“आत्या, मला साठातली एक धरा ना. नाहीतरी एकही नाहीये तुमच्याकडे.”

हे बिनतोड होतं. आत्याचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला, आणि नोंदवहीत ‘रुग्ण क्रमांक एक’ अशी सुंदर अक्षरांत नोंद झाली. राहता राहिले एकोणसाठ. त्यावर मंडळाच्या उपसमितीने अर्ध्या तासात तोडगा काढला. साठ माणसं एकेकदा तपासली काय आणि एक माणूस साठ वेळा तपासला काय, आकडा साठच राहतो. मंगळवार ते शुक्रवार चार दिवस, रोज पंधरा तपासण्या. अर्ध्यांना तेल आणि अर्ध्यांना खोटं तेल, याचाही प्रश्न नाही. ओठाची डावी बाजू तेलाला, उजवी बाजू पाण्याला. कुठल्या बाजूला काय आहे हे रुग्णाला कळता कामा नये, असा शास्त्राचा नियम आहे. पण टी ट्रीचा वास दोन शेतं ओलांडून येतो. म्हणून लावताना ब्रॉनीच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावावा असं ठरलं. लावणाऱ्यालाही कळता कामा नये, म्हणून त्याच्याही नाकाला चिमटा. खरं काय ते एका पाकिटात लिहून पाकीट सीलबंद झालं.

पुढचे दिवस शास्त्रात गेले. शाळेच्या फाटकात तीन तपासण्या, मधल्या सुट्टीत दोन, बेकरीसमोर एक (हार्वी बेकरीवाल्याला सोयीचं म्हणून), बँडच्या सरावात दोन, अशा करत करत पंधरा. लोक भिंग घेऊन यायचे. पातळ न केलेलं तेल, दिवसातून सहा वेळा. मंगळवारी संध्याकाळी ओठाची डावी बाजू लाल झाली, बुधवारी सुजली, मग कातडी निघायला लागली. नोंदवहीत लिहिलं गेलं: “डाव्या बाजूस द्रव्याचा प्रभाव स्पष्ट दिसतो. उजवी बाजू सुस्त आहे.” उजवी बाजू तेवढ्यात सुकायला लागली होती, पण सुस्तपणाला शाबासकी द्यायची पद्धत शास्त्रात नाही.

बुधवारच्या सरावात ब्रॉनीने कॉर्नेट ओठाला लावलं आणि वरच्या सुराच्या जागी नुसतं फुस्स झालं. तिने परत लावलं. परत फुस्स. डोळ्यांत पाणी आलं ते तिने तपासणीवाल्या बाईंना दिसू दिलं नाही, नाहीतर त्यांनी तेही लिहिलं असतं. मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. “पोरी, शुक्रवारी सूर लागला तर तूच. नाही लागला तर मी आहे आणि माझे दात आहेत,” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, पण कवळी मात्र आनंदाने कटकन वाजली.

म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावर ब्रॉनी बसमध्ये बसून अडतीस किलोमीटरवरच्या बेक्सलीला गेली. क्रॉसिंगच्या दुकानात फोडांवरच्या गोळ्या मिळत नाहीत. चर्चमध्ये दुसरा देव ठेवत नाहीत तसंच ते. बेक्सलीला मात्र श्री. फाम यांचं औषधाचं दुकान आहे आणि ते उत्तम चालतं. का चालतं, याचा विचार क्रॉसिंगला कुणी केलेला नव्हता. ब्रॉनीला तो दारात पाऊल ठेवताक्षणीच करावा लागला.

रांगेत अकरा माणसं होती. अकराच्या अकरा रुंद काठाच्या टोप्या घालून, काळे चष्मे लावून, कपाटांकडे तोंड करून उभी. पुढे एक माणूस केसांच्या कलपाच्या बाटलीची मागची बाजू इतकी मन लावून वाचत होता की जणू त्यात मृत्युपत्र आहे. तो हार्वी बेकरीवाला. (त्याला केस नाहीत.) त्याच्या मागे फुटबॉल संघाचे दोन खेळाडू बाळांची दुपटी निवडत होते. इथला शिष्टाचार ब्रॉनीला दोन मिनिटांत समजला. कुणी कुणाला ओळखायचं नाही, खोकायचं नाही, आणि आपला नंबर आला की हळू आवाजात “ते” म्हणायचं. चौथ्या नंबरावर जी टोपी होती तिच्यावर निळी रिबन होती. ती रिबन ब्रॉनीनेच नाताळात दिली होती.

“आत्या?”

टोपी हलली नाही. “मी कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या घ्यायला आलेय.”

“तुमच्याकडे कुठाय कुत्रा?”

“घ्यायचा विचार चाललाय.”

तेवढ्यात आत्याचा नंबर आला, आणि काउंटरवरून श्री. फाम यांनी मान वर न करता विचारलं, “उनाबाई, नेहमीचंच ना?”

दुकानात इतकी शांतता पसरली की कलपाची बाटली पालथी झाल्याचा आवाज आला.

ब्रॉनीचा नंबर आल्यावर फाम यांनी मात्र तिचा ओठ नीट पाहिला, आधी उजवीकडून, मग डावीकडून, आणि डावीकडे काय लावलंस असं विचारलं. ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मुंग्या येतात त्याच दिवशी गोळी घेतली तर उपयोग, आज चौथा दिवस, आता उगाच कशाला, असं ते म्हणाले. तबकडीत तेलाने विषाणू मरत असेल, त्यांनी वाचलं होतं तेही. पण तबकडी रडत नाही आणि कॉर्नेटही वाजवत नाही. आता त्याच्या वाटेला जाऊ नकोस, साधं व्हॅसलीन लाव, फार तर आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. पैसे त्यांनी फक्त व्हॅसलीनचे घेतले.

परतीची बस यायला वीस मिनिटं होती. थांब्याच्या बाकावर उना आत्या टोपी मांडीवर घेऊन बसली होती. टोपीशिवाय ती एकदम लहान दिसत होती.

“सहा वर्षांची असल्यापासून येतंय मला,” ती रस्त्याकडे बघत म्हणाली. “आईला यायचं, तिच्या आईला यायचं. तुझ्या बारशाला पहिला पापा मीच घेतला तुझा.” तिने टोपीवरची रिबन सरळ केली. “तेल लावून घेतला होता गं.”

पंधराव्या वर्षी माणसाला रागावायचं असतं, आणि समोरचं माणूस एकदम म्हातारं निघालं की पंचाईत होते. शेवटी ब्रॉनी एवढंच म्हणाली की आजपासून तेल बंद. आत्याने मान हलवली. चाचणी बंद करता येणार नव्हती, पण तेल बंद करता येत होतं. त्यामुळे गुरुवार संध्याकाळपासून तेल फक्त कागदावर लागायला लागलं, आणि कागदाला त्याचा मुळीच त्रास झाला नाही.

शुक्रवारी ब्रॉनीने कॉर्नेट बोटभर उजवीकडे सरकवून धरलं, पाण्याच्या बाजूला. तिसऱ्या खेपेला सूर लागला. बारीक, पण लागला. मास्तरांनी कवळी काढून खिशात ठेवली. याचा अर्थ उद्या ती.

शनिवारी श्री. लिंडहोम आले. उंच, सडपातळ, इतके सभ्य की चहासुद्धा परवानगी मागून प्यायचे. त्यांनी साठही तपासण्या वाचल्या, एकेक पान, एकेक भिंगवाला. मग पाकीट फोडलं आणि आतला कागद नोंदींशी ताडून पाहिला. उजवी बाजू गुरुवारी सुकली होती. डावी अजून ओली होती. “आपल्या पुराव्यानुसार,” ते अत्यंत आदराने म्हणाले, “पाणी गुणकारी आहे.”

मग खजिनदाराने सुचवलं की पाणी बाटलीत भरणं तसं सोपं पडेल, नदी जवळच आहे. सूचना नोंदवून घेण्यात आली. मागच्या खुर्चीवर डेस बसला होता. त्याला बोलावलं नव्हतं, पण बॉयलरबद्दल काहीतरी ठरतंय म्हटल्यावर तो आला होता, हात धुऊन.

सोलोला वीस मिनिटं होती. बाहेर बँड बसला होता, गाव जमलं होतं, आणि ब्रॉनी स्टेजमागच्या खोलीत कॉर्नेट फुंकून गरम करत होती. उना आत्या आत आली, मागोमाग डेस. आत्याच्या एका हातात ‘किरकोळ इजा’ची वही होती, दुसऱ्यात पेन.

“बाळा, चाचणी नापास झालेली नाही,” आत्या म्हणाली. “आपल्याकडे रुग्णच नव्हता. सोमवारी दुपारी शाळेत तू सॉसेज रोल खाल्लास ना? सगळेच खातात. सॉसेज रोलने भाजलेल्या माणसावर हर्पीसचं तेल चाललं नाही, तर तेलाचा काय दोष?”

“मग चाचणी कुणावर झाली?”

“कुणावरच नाही. आणि जी झालीच नाही ती हरत नाही.”

ब्रॉनीने पेनाकडे बघितलं. “नाही लिहिलं तर?”

“तर तुला रोग आहे. रोग असलेल्या मुलीने बँडच्या वाद्याला तोंड लावणं आरोग्याच्या नियमात बसत नाही. मी नाही केला तो नियम.”

“कधी झाला?”

“आत्ताच झाला. एकमताने झाला.”

दाराबाहेर प्रावस मास्तरांनी कवळी बसवल्याचा आवाज आला. खट. ब्रॉनीने बापाकडे पाहिलं. त्याने काहीतरी म्हणावं असं तिला फार वाटत होतं, मग ते काहीही असो. डेस टोपी दोन्ही हातांत फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, “लोकांनी खाल्लेत गं रोल आजवर. मीही खाल्लेत.”

आता इथे शूर मुलीने काय करावं हे सगळ्यांना माहीत आहे. पेन फेकून द्यावं, स्टेजवर जावं आणि खरं काय ते सांगावं. ब्रॉनीलाही माहीत होतं. पण खरं कधीही सांगता येतं, ते कुठे जात नाही, मंगळवारीही तिथेच असतं. वरचा सूर आठ मात्रा धरायला मात्र गाव शंभर वर्षांतून एकदाच जमतं. तिने वही ओढली. नाव: ब्रॉनी पेंगेली. तारीख: सोमवार. कारण: गरम सॉसेज रोल. अक्षर नेहमीपेक्षा खराब आलं. आत्याने शाई सुकेपर्यंत वहीवर फुंकर घातली आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पापा घेतला नाही.

मग ती स्टेजवर गेली, आणि वाजवलं. आठ मात्रांचा सूर तिने बारा मात्रा धरला. नवव्या मात्रेला ओठ फाटला, जिभेला लोखंडाची चव लागली, रक्त हनुवटीवरून कॉलरवर आलं, पण सूर तसाच राहिला, सरळ, नदीपलीकडच्या झाडांपर्यंत जाणारा. डेस पहिल्या रांगेत होता. त्याच्या हातात फावडं नव्हतं, त्यामुळे दाद कशी द्यायची ते त्याला कळेना आणि तो नुसता उभा राहिला. मग सगळं गाव उभं राहिलं. कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, बघा, रोलने केवढं भाजलंय पोरीला. शेजारी म्हणाला, हार्वीचे रोल फार गरम असतात. हार्वीने पुढे होऊन जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि टाळ्या घेतल्या.

श्री. लिंडहोम यांनी नवी नोंद तपासली, वही चाळली, मागची पाच वर्षंही पाहिली आणि मान्य केलं की समोर रुग्ण नसताना गुण आला की नाही हे सांगता येत नाही. जुनी ओळ बाटलीवरून निघाली. तिच्या जागी खात्याने मंजूर केलेली नवी ओळ आली, जिच्यातला शब्द न् शब्द कागदोपत्री खरा आहे: “हे तेल जिथे शंभर वर्षं वापरात आहे, त्या मिलार्ड्स क्रॉसिंग येथे ओठांच्या फोडांचा एकही रुग्ण नाही.” खप दीडपट झाला. बॉयलर आता रविवारीही पेटतो. निघताना लिंडहोम साहेबांनी स्वतःसाठी दोन बाटल्या घेतल्या आणि ओठाच्या कोपऱ्यावर रुमाल दाबून म्हणाले, वारा फार आहे हो तुमच्याकडे.

ब्रॉनी आता पहिलं कॉर्नेट वाजवते. मागच्या रांगेतल्या मुली तिच्या टोपीकडे बघत बसतात. जुलैत सहामाही परीक्षा होती, त्याच्या आदल्या आठवड्यात तिने बेक्सलीला घालून जायला आणखी एक टोपी घेतली, रुंद काठाची. रांगेत ती आत्याच्या मागे उभी राहते आणि नंबर येईपर्यंत बाळांची दुपटी बघते. “ते” असं म्हणायलाही शिकली आहे, हळू आवाजात, अगदी छान.

हे वाचताना तुम्हाला क्रॉसिंगच्या लोकांचं हसू आलं असेल. येणारच. एवढी शिकलेली माणसं, आणि वारा काय, सॉसेज रोल काय, नसलेला कुत्रा काय. तुमच्या घरी तो शब्द कधी कुणी उच्चारलेला नाही, म्हणजे तुमच्या घरी तो रोग असण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या मावशीच्या ओठाला दर उन्हाळ्यात येतं, आणि तुम्हाला दर परीक्षेच्या आधी येतं, ते निराळं आहे. ती उष्णता. गुलकंद खाल्ला की जाते, आठ-दहा दिवसांत.